बधिर पायांनी चालायचे कसे?

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रातील भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



सकाळच्या सत्रात कापूस झाला, पीकविमा झाला, आता जेवणे होऊन सगळे सुस्तावले आहेत. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे नुसता 'आरोग्य' एवढा एकच शब्द छापला आहे. तो वाचून मागचे दोन-चार जण तंबाखू मळायला बाहेर गेलेले मी पाहिले. जाऊ द्या, येतील. मी शेतकी कॉलेजातून बी.एस्सी. झालेला माणूस, डॉक्टर नाही. औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. पण सहा वर्षांपूर्वी मला साखर निघाली आणि दीड वर्षापूर्वी माझ्याच पायाने मला फसवले, म्हणून उभा आहे.

झाले असे. जानेवारीचे दिवस होते. एका गावी बैठकीला जाताना उशीर झाला म्हणून आडवाटेने, ज्वारी निघालेल्या वावरातून गेलो. बैठक झाली, भाषण झाले, रात्री घरी आलो. चप्पल काढायला गेलो तर चप्पल पायाबरोबर वर आली. बाभळीचा काटा रबर फोडून तळव्यात शिरला होता. चारेक तास मी त्या काट्यावर उभा होतो. बायको म्हणाली, "अहो, रक्त किती गेलंय!" मी विचारले, "कोणाचं?"

त्या आधी वर्षभर खुणा दिसत होत्या. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि दहा पावले गेल्यावर कोणीतरी हाक मारायचे. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की झोक जायचा. रात्री तळव्यांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, चादर लागली तरी नको वाटायचे. मी समजत होतो, थकवा आहे. आणि सहा वर्षांत ज्या-ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, गोळ्या बदलल्या. पण 'चप्पल काढा, पाय दाखवा' असे एकानेही म्हटले नाही. मीही कधी दाखवला नाही, हेही खरे.

पाय आधी का जातात ते सांगतो. ठिबकची लांब नळी डोळ्यांपुढे आणा. दाब कमी झाला, गाळ साचला, की पहिली झाडे कोणती सुकतात? शेवटची. मोटरीजवळच्या झाडाला काही कळतही नाही. शरीरात सगळ्यात लांब नस कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसांना आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि ती आधी टोकाला दिसते. बोटे, मग तळवा, मग घोटा. मोजा चढवावा तसा बधिरपणा वर चढत जातो. उशिरा हाताच्या बोटांनाही लागतो.

आता नस म्हणजे नुसती दुखणे सांगणारी तार नव्हे. ती तळव्यातल्या बारीक स्नायूंना चालवते. ते स्नायू वाळले की बोटे आकड्यासारखी वाकतात आणि सगळा भार बोटांमागच्या उंचवट्यावर येतो. तीच नस कातडीला घाम आणते. घाम थांबला की कातडी कोरडी पडते आणि टाचेला भेगा पडतात. पाय कुठे टेकला हेही तीच सांगते. तिने सांगणे सोडले की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो, आणि अंधारात पडतो.

माझ्या काकांचे असेच झाले. त्यांच्या पायांची आग व्हायला लागली तेव्हा त्यांना कोणीतरी सांगितले, 'पायांना आराम द्या, चालू नका.' जन्मभर वखरामागे चाललेला माणूस खाटेवर बसला. वर्षभरात पिंढऱ्या वाळून गेल्या. साखर वाढली, कारण चालणे बंद आणि खाणे तेवढेच. एका रात्री अंगणात उठले आणि ओट्यावरून खाली आले. हाड वाचले, पण टाचेची भेग आणखी उकलली. घरच्यांनी रिवाजाप्रमाणे भेगेत बिब्बा भरला. बिब्ब्याने कातडी भाजते हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे, पण काकांना ते भाजलेले कळलेच नाही. सहा आठवड्यांनी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोन एकर गहाण पडले, ते अजून सुटलेले नाहीत. बोंडअळीने नेलेले पीक आपण पंचनाम्यात लिहून घेतो. पायापायी गेलेले वावर कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आता एक काम करू. सगळ्यांनी चपला काढा. हसू नका, काढा. जोडी-जोडीने बसा. बायाबायांनी तिकडे, पुरुषांनी इकडे. एकाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेच टेकवायचे, एक-दोन सेकंद. दाबायचे नाही, टोचायचे नाही, गुदगुल्या तर नाहीच. दोन्ही पाय मिळून सहा जागा. कळले की त्याने 'हो' म्हणायचे. न कळल्यास पुन्हा-पुन्हा लावून बघायचे नाही. सहांपैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत, तर त्या पायाची संवेदना कमी झाली असे धरा आणि डॉक्टरांना दाखवा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी बसवलेली ही चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दवाखान्यात याच कामासाठी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा वापरतात. आपल्याकडे धागा नाही, पण बोट आहे.

(पाच मिनिटे थांबून.)

झाले? किती जणांच्या दोन जागा चुकल्या ते मी हात वर करून विचारत नाही. ज्याचे त्याला कळले. चपला तशाच राहू द्या, शेवटी त्यांचेही काम आहे. एक लक्षात ठेवा, पाय बधिर म्हणजे साखरच असे नाही. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी होते, आणि साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे चालू असली की ते कमी पडू शकते. दारूने होते. फवारणीच्या काही औषधांनीही नसांना इजा होते; २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने काय केले ते इथे कोणाला सांगायला नको. आणि अंगावर न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कारण शोधणे डॉक्टरचे काम, पण त्याच्यापुढे पाय ठेवणे आपले.

कुष्ठरोगाचे नाव निघाले ते बरे झाले, कारण बधिर पायाची विद्या जगाला त्याच वाटेने मिळाली. आपल्या भागात वरोऱ्याजवळ आनंदवन आहे, वर्ध्याजवळ दत्तपूर आहे. बधिर हातापायांनी शेती करणारी माणसे आपण पाहिली आहेत. पूर्वी समज असा होता की त्या रोगाने मांस आपोआप झडते. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तमिळनाडूत वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. मांस झडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर पुन्हा-पुन्हा भार देतो आणि तिथे जखम होते. तुम्ही-आम्ही चालताना एक जागा हुळहुळली की नकळत पाऊल बदलतो. बधिर पायाचा माणूस बदलत नाही. मऊ एम.सी.आर. रबराच्या चपला अशा पायांसाठी तिथेच घडत गेल्या. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले, आणि तिथे त्यांची तीच पद्धत साखरेच्या रुग्णांच्या पायांना लागू पडली. रोग दोन, पण पाय हरवण्याची रीत एकच.

यातून डॉक्टर मंडळींनी पुष्कळ वर्षे एक सावध सल्ला दिला: बधिर पायावर जास्त चालू नका. काकांपर्यंत तोच पोचला होता. तो तपासून पाहिला गेला. अमेरिकेत मिसुरी राज्यात ७९ लोकांवर प्रयोग झाला, २००८ मध्ये छापून आला. सगळ्यांचे पाय साखरेने बधिर झालेले. अर्ध्यांना पायांचे व्यायाम आणि हळूहळू वाढवत नेलेले चालणे दिले, अर्ध्यांना दिले नाही. वर्षाअखेर चालणाऱ्यांच्या पायांना जास्त जखमा झाल्या नाहीत. मात्र त्यांच्या पायात नीट पादत्राण होते आणि पाय रोज पाहिला जात होता, ही अट विसरू नका. कान्सास विद्यापीठात २०१२ मध्ये दहा आठवडे व्यायाम दिला तर दुखणे कमी झाले, आणि कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नसांना नव्या फांद्या फुटलेल्या दिसल्या. छाटलेल्या तुरीला फुटवे यावेत तसे. पण माणसे फक्त सतरा. मी शेतकी खात्याच्या वळणात वाढलेला. एका प्लॉटवरच्या प्रयोगावर शिफारस करायची नसते. म्हणून गेलेली संवेदना व्यायामाने परत येईल असे मी म्हणणार नाही. माझी पूर्ण आलेली नाही. पिंढरीची ताकद आली, झोक जाणे कमी झाले, साखर खाली आली, रात्रीची आग सहन होण्याजोगी झाली. एवढे माझे स्वतःचे.

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे. 'दिवसभर वावरात राबतो, आणखी कसला व्यायाम?' मीही फिजिओथेरपीच्या बाईंना तेच विचारले. त्यांनी उलट विचारले, "मागच्या आठवड्यात एका पायावर किती वेळ उभे राहिलात?" मी गप्प. खरे सांगा, कापूस वेचून झाल्यावर मार्च ते मे आपण किती चालतो? पूर्वी डवऱ्यामागे दिवसाला कोसच्या कोस चालणे होई. आता ट्रॅक्टर आहे, तणनाशक आहे, धुऱ्यापर्यंत मोटारसायकल जाते. आणि निंदण म्हणजे उकिडवे बसून सरकणे, वेचणी म्हणजे वाकून तासन्‌तास उभे राहणे. त्यात श्रम आहेत, शरीर झिजते, पण ताठरलेला घोटा मोकळा होत नाही आणि तोलाला वळण लागत नाही.

बाईंनी मला जे शिकवले ते असे. पहिले, भिंतीला दोन्ही हात लावायचे, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुकायचे. पिंढरी ताणली जाते. तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. साखरेने घोट्याच्या दोऱ्या आखडतात, टाच लवकर उचलली जाते आणि भार बोटांमागच्या उंचवट्यावर पडतो. जखम नेमकी तिथेच होते. म्हणून हा ताण सोडू नका. मग दाराची चौकट धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या, दहा वेळा. मग खुर्चीवरून किंवा ओट्यावरून हात न टेकता उठायचे-बसायचे, दहा वेळा. झोळ पडलेली खाट चालणार नाही. बसल्या-बसल्या जमिनीवर धडपे पसरून बोटांनी ते ओढायचे, आणि पाय उचलून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची. माझी नात शेजारी बसून चुका काढते.

तोलाचे शेवटी. चौकटीत उभे राहा, दोन्ही हात चौकटीजवळ, आणि एक पाय उचला. पहिल्या दिवशी मी तीन सेकंद टिकलो. आज वीस होतात. ते जमले की भिंतीच्या कडेने टाचेपुढे टाच ठेवत दहा पावले. डोळे मिटून, एकट्याने, विहिरीच्या काठी, ओल्या फरशीवर हे करायचे नाही. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे आणि खर्च काही नाही.

याशिवाय चालणे. आठवड्याला दीडशे मिनिटे, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आधी पाच मिनिटांपासून सुरू करा. परत आल्यावर पाय बघा. एखादी जागा लाल दिसली आणि अर्ध्या तासानेही लाली गेली नाही, तर ती चप्पल त्या पायाची नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा; घाम फुटला, हात थरथरले, की तोंडात टाका आणि बसा. नसांच्या बिघाडात हृदयाच्या नसाही येतात. उठताना चक्कर येते, छातीत दुखायला हवे ते दुखत नाही, ऊन सोसत नाही. म्हणून ज्यांना चक्कर येते, ज्यांना दम लागतो, ज्यांच्या डोळ्यांत रक्तस्राव झाला आहे त्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणि आपल्या वैशाखात भर दुपारी कोणीच नाही.

आता जिथे व्यायाम थांबवायचा ते नीट ऐका. तळव्याला उघडी जखम असेल तर त्या पायावर चालणे बंद. बसून हातांचे व्यायाम करा. दुसरे याहून महत्त्वाचे. बधिर पाय सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतो, पण जखम नाही आणि दुखतही फारसे नाही. लोक म्हणतात, मुरगळला असेल, लेप लावा. लेप नको. हा शार्कोचा पाय असू शकतो. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६८ मध्ये असे सांधे वर्णन केले. आतली हाडे ठिसूळ होऊन खचत असतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. पुढे तळव्याची कमान उलटी होते. असा पाय दिसला की त्याच घटकेपासून भार बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर. सोमवारच्या बाजाराची वाट पाहायची नाही.

रोजची दोन मिनिटे डोळ्यांची. रात्री पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा मुलाला पाहायला सांगा. खोबरेल तेल लावा, बेचक्यांत नको. पाणी ऊन आहे का ते पायाने नाही, कोपराने बघा. शेकोटीला पाय नको, गरम पाण्याची पिशवी नको, बिब्बा नको, कुरुपाला ब्लेड नको. चप्पल मागून पट्टा असलेली, खिळा नसलेली. मोजा घातला तर पांढरा सुती. डाग पडला की दिसतो, आणि कापूस आपलाच आहे. नवरात्रात अनवाणी राहण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांना मी मोडा म्हणत नाही. पण ज्यांच्या आज दोन जागा चुकल्या त्यांनी देवीला सांगून पायात घालावे. दुपारच्या देवळातल्या फरशीने भाजलेले पाय मी पाहिले आहेत. वावरात तर अनवाणी नाहीच. पऱ्हाटी उपटल्यावरची आणि तूर कापल्यावरची खुंटे तुम्हाला माहीत आहेत.

लोक विचारतात, ज्वारी खाल्ली की साखर बरी होते ना? शहरात आता ज्वारीचे पीठ पुडक्यात भरून औषधासारखे विकतात. त्यातले आपल्याला काय मिळते ते सकाळीच मोजून झाले. भाकर चांगली आहे, खा. पण चार भाकरी खाऊन खाटेवर पडलात तर ज्वारी काय करणार?

मायबहिणींनो, एक तुमच्याशी. घरातल्या सगळ्यांचे पाय तुम्हाला दिसतात, तुमचे कोणी बघत नाही. वेचणीला जाणाऱ्या बाईच्या टाचा फुटलेल्याच असायच्या असे आपण धरून चाललो आहोत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत साखरेच्या रुग्णांचा अंदाज दहा कोटींच्या वर निघाला. त्यात पुरुष आहेत तशा तुम्हीही आहात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर उपकेंद्रात फुकट तपासायची असे सरकारचेच धोरण आहे. यंत्र नाही, पट्ट्या संपल्या असे सांगितले तर त्या दिवशीची तारीख लिहून घ्या आणि ती चिठ्ठी आम्हाला द्या.

फिजिओथेरपी तालुक्याला क्वचित मिळते, जिल्हा रुग्णालयात विचारावे लागते. एकेकट्याने गेलात तर 'साहेब नाहीत' ऐकून परत याल. म्हणून पुढच्या महिन्यात आपण मिळून जाऊ. ज्यांच्या दोन जागा चुकल्या त्यांनी जाताना दाराशी बसलेल्या मुलाकडे नाव आणि गाव लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर सांगावे, तो लिहील. गाडीभाडे वाटून घेऊ.

झाले माझे. आता चपला घाला. थांबा, घालण्याआधी आत हात फिरवून बघा.